गुण्या, कंपास आणि तुळशीवृंदावन

चवथीच्या आधीची साफसफाई म्हणजे गोव्यातल्या जुन्या घरांचे वार्षिक उत्खननच. माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. गेल्या चवथीला फोंडा महालातल्या माझ्या एका मित्राच्या घरी पत्र्याची एक जुनी ट्रंक खाली आली. ट्रंक त्याच्या आजोबांची. आजोबा विशीत असताना नोकरीसाठी मुंबईला गेले, तिथे एका इंग्रजी कंपनीत हिशेबनीस म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली आणि गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी गावी परतले. त्यांना जाऊनही आता चाळीस वर्षे होत आली.

ट्रंकेत भाड्याच्या पावत्या होत्या, पत्रे होती, एक सुकलेली शाईची दौत होती. आणि अगदी तळाशी, मलमलीत गुंडाळलेला, निळ्या काठाचा पांढऱ्या कातड्याचा एक एप्रन. त्याच्याबरोबर एक लहानसे पदक. पदकावर गवंड्याचा गुण्या आणि वर्तुळ काढायचा कंपास एकमेकांत गुंतवलेले. शिवाय एक फोटो होता. फोटोत तीसेक माणसे. कोणाच्या डोक्यावर पारशी पगडी, कोणाच्या फेटा, कोणाच्या काळी टोपी, दोन-चार गोरे साहेब बोडक्या डोक्याचे. आणि सगळ्यांच्या कमरेला तसलाच एप्रन. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे आजोबा.

मित्राच्या पुतण्याने लगेच पदकाचा फोटो काढून मोबाईलवर शोध घेतला. पाच मिनिटांत निकाल लागला. हे फ्रीमेसन. सैतानाचे पूजक. जगावर गुपचूप राज्य करणारी टोळी. डॉलरच्या नोटेवर जो त्रिकोणातला डोळा आहे ना, तोही यांचाच! घरातली आत्या आधीच अस्वस्थ झाली होती, ती कातड्यामुळे. माळा देवकुडीच्या वर येतो. “देवाच्या माथ्यार कातडें! आनी तेंय असल्या लोकांचें! गणपती येवंचे आदीं न्हंयत सोडून यो,” असा तिने हुकूम सोडला. मित्राचा मला फोन आला, “तूं कितें तरी बरयत आसता मरे. येवन सांग, हें कितें तें.”

मी गेलो. त्या दिवशी त्या घरात जे थोडक्यात सांगितले, ते इथे जरा सविस्तर मांडतो आहे. कारण मामला एका ट्रंकेपुरता नाही. दुसऱ्याच्या चिन्हाचा अर्थ लावायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपण गोवेकरांनी तरी हसण्यावारी नेऊ नये.

आधी हे लोक कोण ते पाहू. मेसन म्हणजे गवंडी. पोर्तुगीजांनी तर सरळ भाषांतरच केले, ‘पेद्रैरु-लिव्र’, म्हणजे मोकळा गवंडी. मध्ययुगात युरोपात मोठमोठी चर्चे बांधणाऱ्या पाथरवटांचे संघ असत. त्यांचे कामाच्या जागी जे छप्पर असे, ते लॉज. पुढे या लॉजमध्ये ज्यांनी जन्मात कधी दगडाला हात लावला नाही अशी प्रतिष्ठित मंडळीही येऊ लागली. १७१७ साली, २४ जून रोजी, लंडनमधल्या चार लॉज एकत्र येऊन त्यांची ग्रँड लॉज झाली, अशी त्यांची परंपरा सांगते. १७२३ साली जेम्स अँडरसन नावाच्या एका पाद्र्याने संपादित केलेली त्यांची घटना छापून निघाली. तिच्यातले पहिलेच कलम धर्माविषयी आहे. त्याचा मथितार्थ असा, की ज्यावर सगळ्या माणसांचे एकमत आहे तेवढा धर्म सर्वांनी पाळावा आणि बाकीची मते ज्याची त्याने आपल्याजवळ ठेवावीत. माणूस चांगला आणि सचोटीचा असला की पुरे, त्याचा पंथ कोणता हे विचारायचे नाही. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर भांडण करायला मनाई.

आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटत नाही. पण तो काळ आठवा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी एकमेकांना जाळण्या-कापण्यात युरोपने शे-दीडशे वर्षे घालवली होती. अशा काळात संध्याकाळी एका खोलीत वेगवेगळ्या पंथांची माणसे बसतात, एकमेकांना भाऊ म्हणतात आणि पंथाचा विषय काढत नाहीत, ही मोठीच गोष्ट होती.

आता त्यांची चिन्हे. गुण्या म्हणजे वागणे काटकोनात असावे, तिरके नसावे. कंपास म्हणजे आपल्या वासनांना एक मर्यादा आखून घ्यावी. पाणसळ म्हणजे सगळे एका पातळीवर. ओळंबा म्हणजे सरळपणा. थापी कशाला, तर माणसा-माणसांत स्नेहाचा चुना भरायला. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात, एक खाणीतून काढलेला ओबडधोबड आणि दुसरा घडवून गुळगुळीत केलेला. नवा सदस्य म्हणजे पहिला दगड आणि त्याने व्हायचे दुसरे.

हे मी सांगत असताना आत्या मध्येच म्हणाली, “म्हणजे टाकीचे घाव सोसल्याबगर देवपण ना, तेंच मूं?” तेच! तीन शतकांपूर्वी लंडनमध्ये बसून या लोकांनी जे कोडे घातले, ते आमच्या आत्याने क्षणात सोडवले. कारण हत्यार हे नुसते हत्यार नसते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. खंडेनवमीला आपण कोयत्याला, करवतीला, सुताराच्या रंध्याला आणि हल्ली दुचाकीलासुद्धा हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहतो. कोणी परका दारातून डोकावला आणि “हे लोक करवतीची पूजा करतात” असे लिहून गेला, तर त्याचे डोळे खरे बोलतील, पण त्याला समजले काहीच नाही असे आपण म्हणू.

आणि असे लिहून जाणारे, त्यावरून हुकूम काढणारे परके आपण पाहिलेले आहेत.

प्रियोळचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा आपला इंग्रजी ग्रंथ १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्यात १७३६ सालचा इन्क्विझिशनचा एक हुकूमनामा दिला आहे. धर्मांतर केलेल्या गोवेकरांनी काय काय करू नये याची ती भलीमोठी यादी आहे. लग्नात हळद लावू नये. विड्याची पाने पाठवू नयेत. ओव्या म्हणू नयेत. बायकांनी चोळी आणि पुरुषांनी पुडवे नेसू नये. अंगणात तुळस लावू नये. इतकेच काय, हिंदू शिजवतात तसा बिनमिठाचा भात शिजवू नये! ज्याने कोणी ही यादी तयार केली तो माणूस निरीक्षणात कच्चा नव्हता. त्याने आपल्या घरांत, स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत काय चालते ते बारकाईने पाहिले होते. फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईला त्याने विचारले नाही, की बाई गं, तुझ्या मनात काय आहे? तिच्या तुळशीचा अर्थ त्याने स्वतःच्या भयातून लावला.

या हुकूमनाम्याला दोन वर्षे होतात न होतात, तोच १७३८ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी फरमान काढले. कॅथलिकांनी फ्रीमेसन होऊ नये, झाल्यास बहिष्कार. फरमानात कारणे दिली आहेत. एक असे, की तिथे कुठल्याही धर्माचे आणि पंथाचे लोक एकत्र जमतात. दुसरे असे, की ते गुप्ततेची शपथ घेतात. वाईट काही करत नसते तर ते उजेडाला एवढे भ्याले असते का? या दुसऱ्या कारणात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, त्याकडे पुढे येतो. पण पहिले कारण पुन्हा वाचा. वेगवेगळ्या धर्मांची माणसे एकत्र बसतात, हाच गुन्हा!

त्याचे फळ लिस्बनला दिसले. जॉन कुस्तोस नावाचा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला एक हिरे-माणकांना पैलू पाडणारा कारागीर लिस्बनमध्ये लॉज चालवत होता. १७४३ साली इन्क्विझिशनने त्याला धरले, त्याचे हालहाल केले आणि १७४४ साली त्याला चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली. इंग्रज वकिलातीने शब्द टाकला म्हणून तो सुटला आणि लंडनला जाऊन त्याने आपली कहाणी छापली. गोव्याची इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडली तर, चालू होती आणि तिचे वरिष्ठ बसत ते लिस्बनलाच. म्हणजे तुळशीला भ्यालेली व्यवस्था आणि गुण्या-कंपासाला भ्यालेली व्यवस्था एकच. आपल्या पूर्वजांचा आणि त्या कारागिराचा काडीचा संबंध नव्हता, पण दोघांवरचे आरोपपत्र एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलेले होते.

पोर्तुगालशी आपले नशीब साडेचारशे वर्षे बांधलेले असल्यामुळे ही गोष्ट इथे संपत नाही. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. त्या प्रजासत्ताकाच्या पुढाऱ्यांत फ्रीमेसन मोठ्या संख्येने होते. दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले बेर्नार्दिनु माशादु हे त्याआधी तिथल्या मेसनांचे प्रमुख होते. १९११ च्या एप्रिलमध्ये चर्च आणि शासन यांची फारकत करणारा कायदा झाला. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीच्या नागरिकाचे स्थान मिळाले ते याच प्रजासत्ताकाच्या काळात; आपल्या मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके यांना जो बहर आला तोही याच वर्षांत. हे सगळे मेसनांनी आपल्यासाठी केले असे मात्र म्हणू नये. ती ‘सगळ्याच्या मागे तेच’ म्हणणाऱ्यांचीच चूक उलट्या बाजूने होईल. शिवाय त्या प्रजासत्ताकाने पोर्तुगालमध्ये मठ बंद केले, बिशपांना हद्दपार केले. सहिष्णुतेचा झेंडा हातात घेतलेली माणसेही दुसऱ्याच्या क्रुसाला भिऊ शकतात, हे त्यातून घ्यायचे.

मग सालाझार आला. १९३५ च्या मे महिन्यात त्याच्या सरकारने गुप्त संघटनांवर बंदी घालणारा कायदा केला. रोख फ्रीमेसनांवर होता. हे विधेयक चर्चेत असताना फेर्नांदु पेसोआ या मोठ्या पोर्तुगीज कवीने ४ फेब्रुवारी १९३५ रोजी लिस्बनच्या वृत्तपत्रात त्याविरुद्ध लेख लिहिला. गंमत अशी, की तो स्वतः मेसन नव्हता आणि तसे त्याने लेखातच सांगून टाकले होते. त्याचे म्हणणे एवढेच, की ज्यांच्यावर तुम्ही बंदी घालता आहात त्यांच्याविषयी तुम्हाला काही माहिती नाही. लेखाचा उपयोग झाला नाही आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पेसोआ वारला. ज्या राजवटीला मूठभर लोकांच्या एप्रनची भीती वाटली, तिलाच पुढे गोव्यातल्या लग्नपत्रिकांचीही भीती वाटू लागली. सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय पत्रिका छापता येत नसे, हे सांगणारी माणसे आजही आपल्या गावांत आहेत.

आता आजोबांच्या फोटोकडे येऊ. त्या फोटोत पगडी, फेटा आणि गोरा साहेब एका रांगेत बसले आहेत. पण ते तसे सहज बसलेले नाहीत. भारतात लॉज आली ती इंग्रजांबरोबर, कलकत्त्यात १७३० च्या सुमारास आणि मुंबईत १७५८ मध्ये. ‘सर्व मानव बंधू’ हे तत्त्व पुस्तकात होते, पण दार उघडे होते ते गोऱ्यांनाच. मुंबईचे मानेकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ सदस्य व्हायला गेले तेव्हा त्यांना नकार मिळाला. ते नाद सोडणारे नव्हते. युरोपात गेले असताना १८४२ साली ते पॅरिसमध्ये मेसन झाले आणि परत आले. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्याच्या पुढाकाराने, एतद्देशीयांना प्रवेश देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत निघाली.

हिंदूंना तर आणखी थांबावे लागले. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला. आक्षेप काय, तर हिंदू अनेक देव मानतात, तेव्हा ‘एका परमेश्वरावर विश्वास’ ही अट ते कशी पाळणार? पुन्हा तेच! हिंदूच्या देवाचा अर्थ हिंदूला न विचारता लावला गेला. दत्तांनी नऊ वर्षे भांडण चालवले, थेट लंडनपर्यंत नेले, आणि १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. त्यानंतर बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच कलकत्त्यातल्या ‘अँकर अँड होप’ या लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दाखल झाला. त्याला आपण स्वामी विवेकानंद म्हणून ओळखतो. आत्याला हे नाव सांगितल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला.

सामान्य माणसांनी मात्र या लॉजला ‘जादूघर’ असे नाव दिले होते. बंद दारे, आतला मिणमिणता उजेड, बाहेर पहारेकरी. मग दुसरे काय म्हणणार? किपलिंग स्वतः १८८६ साली लाहोरच्या लॉजचा सदस्य झाला. त्याच्या ‘किम’ कादंबरीत हे जादूघर येते. किमच्या मेलेल्या बापाची मेसनपणाची कागदपत्रे त्याला सांभाळणारी बाई कातड्याच्या ताइतात शिवून त्याच्या गळ्यात बांधते. लॉजमध्ये जे प्रमाणपत्र होते, त्याचा बाजारातल्या बाईच्या हातात ताईत झाला. ती फसली असे मला वाटत नाही. तिने तिच्या भाषेत त्याचा अर्थ लावला, आणि तो प्रेमाने लावला. परक्या चिन्हाचा असाही अर्थ लावता येतो.

याच किपलिंगची ‘द मदर लॉज’ ही कविता आहे. तिच्यातल्या लॉजमध्ये अनेक धर्मांची माणसे आहेत, पण ती एकत्र जेवत मात्र नाहीत, कोणाची जात बाटू नये म्हणून. बंधुभाव पंगतीपाशी येऊन थांबला. आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटायला हरकत नाही.

ती पंगतीची वेस ओलांडायचा धाडसी प्रयत्न आपल्या मराठी माणसांनी केला होता, तोही गुप्तपणेच. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, तेच मराठी व्याकरणवाले, तिच्या मागे होते आणि रामचंद्र बाळकृष्ण हे तिचे अध्यक्ष. जात मोडायची, एक ईश्वर मानायचा, हा हेतू. सदस्य व्हायचे तर ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. हे सगळे बंद दाराआड, कारण उघड करण्याची छाती नव्हती. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही कोणीतरी पळवली, नावे फुटण्याच्या भीतीने सभा मोडली. पण तिच्यातल्या काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला, तो उघडपणे. या सभेचा इतिहास कोणी शोधून काढला? पुन्हा आपले प्रियोळकरच.

पावाच्या त्या तुकड्याकडे जरा पाहा. आपल्याकडे विहिरीत पाव टाकला आणि आख्खा वाडा बाटला, अशा कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. तिकडे मुंबईत तोच पाव जातीच्या तुरुंगाची किल्ली ठरला. आणि आज सकाळी पोदेराच्या पों पों आवाजाबरोबर तो तुमच्या-माझ्या दारात येतो तेव्हा तो फक्त पाव असतो, पातळभाजीबरोबर खायचा. पीठ तेच, भट्टी तीच. अर्थ पावात नव्हताच, तो माणसांनी त्यात घातला आणि माणसांनीच काढून घेतला.

इथे एक शंका कोणीही घेईल, आणि घ्यावी. चिन्ह वापरणाऱ्यालाच अर्थ विचारायचा, तर तो चांगलेच सांगणार! बरोबर आहे. म्हणून विचारणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. नंतर त्याचे वागणे पाहावे. आपल्या उंबऱ्यावरचे स्वस्तिक नाझींनी आपल्या झेंड्यावर घेतले आणि त्याखाली लक्षावधी ज्यूंना मारले. त्या राजवटीने मेसनांच्या लॉजही बंद पाडल्या. युरोपातल्या कोणाला स्वस्तिक पाहून आजही शहारा आला, तर त्याला अडाणी म्हणू नये. त्याने चिन्हामागचे वागणे भोगले आहे. त्याला आपल्या उंबऱ्याची गोष्ट समजावून सांगावी, एवढेच. मेसनांनाही हाच नियम. इटलीत १९८१ मध्ये ‘पी-२’ नावाच्या लॉजच्या सदस्यांची यादी सापडली. मंत्री, सेनाधिकारी, बँकवाले अशी नावे त्यात निघाली आणि सरकार कोसळले. गुप्तता वाईटाला आसरा देऊ शकते, हे पोप क्लेमेंटचे म्हणणे तिथे खरे ठरले. त्यांच्या मुख्य परंपरेच्या लॉजमध्ये स्त्रियांना आजही प्रवेश नाही. सर्व मानव बंधू म्हणायचे आणि अर्धी माणुसकी दाराबाहेर ठेवायची, हे मला पटत नाही. कॅथलिक चर्चने आपल्या अनुयायांना असलेली मनाई २०२३ मध्ये पुन्हा सांगितली आहे. आपल्या माणसांना काय मानावे हे सांगण्याचा अधिकार चर्चला आहेच. माझी तक्रार त्याबद्दल नाही. अधिकार सांगण्यापुरता न राहता कोठडीपर्यंत गेला, १७३६ आणि १७४३ मध्ये गेला तसा, की तक्रार सुरू होते.

आणि डॉलरवरचा तो डोळा? त्रिकोणातला डोळा हे ईश्वराच्या नजरेचे जुने ख्रिस्ती चित्र आहे. अमेरिकेच्या मुद्रेवर तो १७८२ मध्ये आला आणि नोटेवर १९३५ मध्ये. मेसनही तो वापरतात, पण मालकी त्यांची नव्हे. एवढी साधी गोष्ट पुतण्याच्या मोबाईलने सांगितली नाही, कारण भय जितक्या वेगाने पुढे पाठवले जाते तितक्या वेगाने खुलासा कोणी पाठवत नाही.

या देशातल्या लॉजनी आपली स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन केली ती २४ नोव्हेंबर १९६१ रोजी. त्यानंतर पंचवीसच दिवसांनी गोवा मुक्त झाला! तिथे चौथऱ्यावर गीता, कुराण, बायबल, गुरुग्रंथसाहिब आणि अवेस्ता शेजारी शेजारी ठेवतात. ज्याची ज्या ग्रंथावर श्रद्धा, त्याने त्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. ही मला सहिष्णुतेची चांगली रीत वाटते. पण आपली गोव्याची रीत याहून वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त ऊबदार. मेसन आपला धर्म खोलीबाहेर चर्चेत ठेवतो, आत काढत नाही. आपण तो दुसऱ्याच्या दारात घेऊन जातो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानून हिंदू बाया फेस्ताला तेल वाहतात. फातर्प्याच्या जत्रेला ख्रिस्ती माणसे नवस फेडायला येतात. वृंदावन आणि अंगणातला खुरीस यांची घडण तर एकाच गवंड्याच्या हातची वाटावी. बहुधा असेही तेच. यात कोणाला सिद्धान्त मांडावा लागला नाही.

पण सिद्धान्त नाही म्हणून ही रीत आपोआप टिकेल, या भ्रमात राहू नये. २००६ साली सावर्डे-कुडचडे भागात प्रार्थनास्थळावरून दंगल झाली. २०१७ साली दक्षिण गोव्यात खुरीस मोडले गेले, दफनभूमीतल्या कबरींची नासधूस झाली. मोडणाऱ्याला त्या खुरसात काय दिसले असेल? रोज संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावणारी म्हातारी तर नक्कीच नाही. १७३६ च्या त्या यादी करणाऱ्यालाही आपल्या घरातली म्हातारी दिसली नव्हती. इतिहासाचा राग मलाही येतो. पण तो राग ज्या चुकीबद्दल आहे तीच चूक आपण करायची, तर प्रियोळकरांनी एवढी कागदपत्रे धुंडाळली ती कशासाठी?

ट्रंकेचे काय झाले, ते सांगायचे राहिले. नदीत सोडली नाही. फोटो भिंतीवर लागला आहे. पुतण्या आता आल्यागेल्याला दुसऱ्या रांगेतले पणजोबा दाखवतो. एप्रन मात्र देवकुडीच्या वर ठेवू द्यायला आत्या शेवटपर्यंत तयार झाली नाही. ट्रंक आता पडवीतल्या खोलीत आहे. बंद करायच्या आधी तिने एक तुळशीचे पान आणून त्या एप्रनवर ठेवले, उगाच बाधा नको म्हणून. आजोबांची हरकत नसती असे मला वाटते. तिला मी काही म्हणालो नाही. चिन्ह तिचे आहे, अर्थही तीच सांगेल.